निर्वासितांची कहाणी आणि ऐकणाऱ्याचे ऋण

पवित्र त्रैक्याच्या सणाची मिस्सा आटोपून मंडळी घरोघर गेली होती. देवळाच्या दाराशी एक मुलगी तेवढी थांबली होती. आमच्याच धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबातली ही मुलगी हैदराबादेस समाजकार्याचे शिक्षण घेते. सुट्टीत घरी आली की ती गायनवृंदात गाते, लहान मुलांना धर्मशिक्षण देते. एरवी तिच्या तोंडचे हसू मावळत नाही. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरलेला होता. हातात एक जाड वही होती.

परीक्षेसाठी तिला एक प्रबंध लिहावयाचा आहे. विषय तिने स्वतः निवडला. म्यानमार देशातून परागंदा होऊन आलेली रोहिंग्या लोकांची काही हजार माणसे हैदराबादच्या बाळापूर भागात ताडपत्रीच्या व पत्र्याच्या झोपड्यांतून राहतात. त्यांच्या स्त्रियांचे जीवन कसे चालते, हे तिला लिहावयाचे होते. ती तेथे सहा वेळा गेली. एका बाईने तिला दोन दुपारी बसवून आपली सारी कर्मकहाणी सांगितली. २०१२ सालच्या दंगलीत जळालेले गाव, नाफ नदी ओलांडताना हातून सुटलेले मूल, बांगलादेशातील दिवस आणि तेथून भारतात येण्याची वाट. बाईची उर्दू मोडकी, म्हणून वस्तीतलाच एक पोरगा दुभाष्याचे काम करीत होता. सांगणे संपल्यावर बाईने विचारले, "हे सारे तू लिहून घेतलेस. आता आम्हाला कॅनडाला पाठवतील काय?"

मुलीला उत्तर सुचेना. ती गप्प राहिली. मधल्या मध्ये त्या पोराने आपल्या भाषेत काहीतरी सांगून टाकले. बाईचा चेहरा उजळला. तिने मुलीचे दोन्ही हात हातात घेतले, शेजारच्या झोपडीतून कप मागून आणून चहा दिला, बिस्किटे दिली.

"फादर, मी काहीच बोलले नाही," मुलगी म्हणाली. "पण मी तिला फसवलं असं मला वाटतं. याचं पापनिवेदन करायचं का? आणि ही वही घेऊन मी काय करू?"

मी तिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यावयास सांगितले. खरे म्हणजे माझ्यापाशी उत्तर तयार नव्हते. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो होतो की, मौनाने बोललेले असत्य हेही असत्यच असू शकते. परंतु निर्वासिताची कहाणी ऐकणाऱ्यावर कोणते ऋण चढते, हा धडा त्या पुस्तकात नव्हता. तेव्हापासून या विषयावर जे वाचले व जे मनात आले, ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज अशा शिक्षणासाठी शहरांत आहेत. काहींच्या मुली धर्मभगिनी होऊन निर्वासितांच्या सेवेस गेल्या आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही.

संशोधन दोन तऱ्हांनी होते. शिरगणतीचा कारकून दारात येतो, घरात माणसे किती, म्हशी किती, हे विचारतो आणि आकडा मांडून पुढच्या घरी जातो. दुसऱ्या तऱ्हेचा संशोधक ओसरीवर बसतो. त्याला आकडा नको असतो. माणसाने काय सोसले आणि त्या सोसण्याचा अर्थ तो स्वतः काय लावतो, हे त्याला समजून घ्यावयाचे असते. यास विद्वान मंडळी गुणात्मक संशोधन म्हणतात. त्यासाठी विश्वास लागतो, वारंवार जावे लागते, चहा प्यावा लागतो. पहिल्या तऱ्हेत माणूस मोजला जातो. दुसऱ्या तऱ्हेत तो आपले अंतःकरण उघडतो. म्हणून दुसऱ्या तऱ्हेत जबाबदारी अधिक.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या हिशेबाप्रमाणे २०२४ सालाच्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे छळ, युद्ध वा हिंसाचार यांमुळे घरादारास मुकलेली होती. त्यांना पदोपदी आपली कहाणी सांगावी लागते. सीमेवरच्या शिपायास सांगावी लागते, शिधापत्रिका देणाऱ्या कारकुनास सांगावी लागते, आश्रय द्यावा की नाही हे ठरविणाऱ्या अधिकाऱ्यास तर पुनःपुन्हा सांगावी लागते; आणि त्यात एका तारखेचा फरक पडला तरी संशय घेतला जातो. कहाणी हेच त्यांच्यापाशी उरलेले नाणे असते. अशा माणसापुढे वही घेऊन जो बसतो तो विद्यार्थी आहे की अधिकारी आहे, हे त्याने कसे ओळखावे? कॅनडाचे नाव त्या बाईच्या ओठांवर उगीच आले नाही.

पवित्र शास्त्रात एका परागंदा स्त्रीला प्रश्न विचारल्याची गोष्ट आहे. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात हागार नावाची दासी मालकिणीच्या जाचाला कंटाळून गरोदर अवस्थेत रानात पळून जाते. झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत तिला भेटतो आणि दोन गोष्टी विचारतो: तू कोठून आलीस व कोठे चाललीस. हागार पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्याचे देतच नाही. कदाचित तिला ते ठाऊक नसेल, कदाचित सांगावयाचे नसेल. देवदूत तो प्रश्न पुन्हा विचारीत नाही. मी हा अध्याय कितीदा वाचला असेल. परंतु ही लहानशी गोष्ट त्या मुलीची वही पाहीपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती.

आता मी वाचकांस लेबनॉन देशात नेतो. बैरूत शहराच्या दक्षिण अंगास शातिला नावाची छावणी आहे. १९४८ साली पॅलेस्टाइनमधून हुसकल्या गेलेल्या लोकांसाठी ती १९४९ साली उभी राहिली. तंबूंच्या जागी विटांच्या भिंती आल्या, भिंतींवर मजले चढले, गल्ल्या इतक्या अरुंद झाल्या की आकाशाची चिंधी तेवढी दिसते आणि डोक्यावरून विजेच्या तारांचे जाळे गेलेले असते. नातवंडे, पणतवंडे तेथेच जन्मली. तरी छावणी ती छावणीच. १९८२ सालच्या सप्टेंबरात १६ ते १८ या तारखांना तेथे व शेजारच्या साब्रा वस्तीत हत्याकांड झाले. इस्रायली सैन्याने भोवती वेढा दिला होता आणि आत शिरले ते लेबनॉनच्या फालांजिस्ट पक्षाचे सशस्त्र लोक. मृतांच्या संख्येविषयी एकमत नाही. अंदाज सातआठशेंपासून साडेतीन हजारांपर्यंत जातात. ते मारेकरी स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते, गळ्यात क्रूस घालीत होते. आपल्या या पत्रात हे लिहिताना लेखणी अडखळते. परंतु निर्वासितांशी सचोटीने वागण्याविषयी दुसऱ्यांस सांगावयाचे आणि आपल्या नावाने घडलेले झाकावयाचे, हे बरे नव्हे.

त्या हत्याकांडाने शातिलाचे नाव जगभर झाले. आणि येथून आमच्या विषयाला खरा आरंभ होतो. नाव झाले म्हणून पत्रकार आले, विद्यार्थी आले, प्राध्यापक आले. छावणी बैरूत शहरातच, विमानतळापासून फार दूर नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी हॉटेलात परतता येते. देशात इतरही छावण्या आहेत, तेथे क्वचितच कोणी जातो. शातिलात मात्र माणसांची रीघ लागलेली. मेसून सुकारिये व स्टुअर्ट टॅनॉक या दोघा अभ्यासकांनी उलट दिशेने चौकशी केली. संशोधकांविषयी तुम्हाला काय वाटते, असे त्यांनी छावणीतील लोकांनाच विचारले आणि त्यावर २०१३ साली एक निबंध प्रसिद्ध केला.

लोकांचे गाऱ्हाणे काय होते? वर्षानुवर्षे तेच प्रश्न विचारले जातात. उत्तरे दिली तरी छावणीतली गटारे तशीच वाहतात. कोणी येऊन मैत्री जोडतो, मुलांशी खेळतो, घरच्यासारखा जेवतो. काम झाले की त्याचे पत्रही येत नाही. काय लिहिले गेले हे सांगणाऱ्याला कधी वाचावयास मिळत नाही. आणि मिळाले तर त्यात आपण बोललो त्याहून निराळेच काही आढळते. येणारे आपल्या मनात आधीच ठरवून आलेले असतात की आपल्याला अमुक तऱ्हेचा निर्वासित भेटावयास पाहिजे. मग लोकही तसेच बोलावयास शिकतात. या शेवटच्या गोष्टीपाशी मी पुष्कळ वेळ थांबलो. एखाद्या आईला दर सप्टेंबरात मुलाच्या मरणाविषयी विचारले, तर काही वर्षांनी तिला विचारणाऱ्यास काय हवे ते कळू लागते. कोठे थांबावे, कोठे पदर डोळ्यांस लावावा, हे ठरून जाते. दुःख खरेच असते, पण ते सांगण्यावर तिचा स्वतःचा हक्क उरत नाही.

ही गोष्ट केवळ शातिलाची नाही. सिडनी येथील विद्यापीठात काम करणाऱ्या आयलीन पिटावे यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह २०१० साली एक निबंध लिहिला. निर्वासितांनी त्यांच्यापाशी बोलून दाखविलेली तक्रारच त्यांनी मथळ्यात घातली. आमच्या कहाण्या चोरणे थांबवा, असा तिचा आशय. चोरी हा शब्द मोठा आहे. मला तो प्रथम अतिशयोक्तीचा वाटला. मग आठवले की, विहिरीतले पाणी गावासमक्ष नेले तरी मालकास विचारले नसेल तर आपण त्यास काय म्हणतो.

"पण फादर, मी विचारलं होतं की! सही घेतली आहे," असे मुलगी म्हणाली आणि तिने मला संमतिपत्र दाखविले. दोन पाने इंग्रजी, खाली अंगठ्याचा ठसा. बाईला त्यातील एक अक्षरही वाचता येत नव्हते.

संमतीचा हा नियम कोठून आला, तेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर अमानुष प्रयोग केले. त्यांच्यावर न्युरेंबर्ग येथे खटला चालला आणि १९४७ सालच्या निकालपत्रात न्यायाधीशांनी जे नियम घालून दिले त्यांतील पहिला हाच की, माणसाने स्वखुशीने होकार दिल्यावाचून त्याच्यावर प्रयोग करता येणार नाही. नियम उत्तम आहे, रक्त सांडून मिळालेला आहे. परंतु ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही, त्याचा होकार स्वखुशीचा कितपत? ज्या संस्थेची माणसे तांदूळ वाटतात त्याच संस्थेच्या माणसाबरोबर पाहुणा आला तर नाही कोण म्हणेल? शिवाय कागद आणि अंगठा यांची या लोकांस धास्ती आहे. म्यानमारात १९८२ सालच्या कायद्याने रोहिंग्यांचे नागरिकत्व हिरावले गेले. त्यांना परके ठरविण्याचे काम बंदुकीइतकेच कागदांनीही केले आहे.

बांगलादेशात कॉक्स बाजारच्या परिसरात कुतुपालोंगची प्रचंड छावणी आहे. २०१७ सालच्या ऑगस्टात म्यानमारच्या सैन्याने कहर केला तेव्हा सात लाखांहून अधिक रोहिंग्या तिकडे पळाले. २०१८ साली तेथील सरकार व संयुक्त राष्ट्रांचे उच्चायुक्तालय यांनी मिळून नोंदणी चालविली. बोटांचे ठसे, डोळ्यांची प्रतिमा, घरच्यांची नावे. लोकांना भीती वाटली की ही माहिती आपल्याला छळणाऱ्यांच्याच हाती पडेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी छावणीत संपही केला. २०२१ सालच्या जूनमध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने उघडकीस आणले की, बांगलादेश सरकारने किमान ८ लाख ३० हजार लोकांची माहिती परत पाठवणीच्या विचारासाठी म्यानमारकडे धाडली होती. उच्चायुक्तालयाने आपली बाजू मांडली की लोकांना समजावून त्यांची संमती घेतली होती. संस्थेने ज्यांना भेटून विचारले त्यांतील बहुतेकांना तसे काही सांगितल्याचे आठवत नव्हते. शिधा मिळण्यासाठीच नाव घेतात असे त्यांनी धरले होते. हे काम संशोधनाचे नव्हते, प्रशासनाचे होते. परंतु एकदा दिलेले उत्तर किती लांब चालत जाते, हे यावरून समजावे. आपल्या देशाने १९५१ सालच्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. २०१८ सालच्या ऑक्टोबरात सात रोहिंग्या पुरुषांना आसामातून म्यानमारास परत पाठविण्यात आले. त्या मुलीच्या वहीत बाई कोणत्या वाटेने आली, कोणी आणले, कोण नातलग कोठे राहतो, हे सारे नावनिशीवार लिहिलेले होते.

येथे मला आमच्या व्रताची आठवण होते. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोणापाशीही बोलू शकत नाही. प्रागचे संत जॉन नेपोमुक १३९३ साली नदीत बुडविले गेले; राणीचे पापनिवेदन राजास सांगण्याचे नाकारले म्हणून, असे परंपरा सांगते. तरी संशोधकास ही मुद्रा जशीच्या तशी लागू करता येत नाही. आम्ही ऐकतो ते गिळून टाकण्यासाठी. तो ऐकतो तेच मुळी लिहिण्यासाठी. म्हणून आपण काय लिहिणार, काय वगळणार, वही कोण वाचील व ती कोठे राहील, हे त्याने सांगणाऱ्याला आधी आणि त्याच्या भाषेत सांगणे प्राप्त आहे. कॅट्रिओना मॅकेंझी, ख्रिस्तोफर मॅकडॉवेल व पिटावे या तिघांनी २००७ साली लिहिलेल्या निबंधात हा मुद्दा फार चांगला मांडला आहे. संमती एकदा घेऊन खिशात घालावयाची वस्तू नाही. संबंध वाढत जाईल तसतशी ती पुन्हा पुन्हा विचारावी लागते, आणि नाही म्हणण्याची मोकळीक दर वेळी द्यावी लागते, असे ते म्हणतात. ते आणखी पुढे जातात. इजा केली नाही एवढ्याने संशोधकाचे कर्तव्य संपत नाही. ज्याच्यापासून घेतले त्यास परत काय दिले, हेही विचारले पाहिजे. सक्तीने स्थलांतरित झालेल्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ साली आपली आचारसंहिता ठरविली, तीतही निर्वासितांना भागीदार मानावे असा आग्रह आहे.

हे सर्व दुसऱ्यांस सांगताना मी मोठा न्यायनिष्ठ आहे असा वाचकांचा समज होऊ नये. २०१९ सालच्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात महापूर आला तेव्हा मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. नदीकाठची कुटुंबे शाळेत उतरली होती आणि ब्लँकेट-भांड्यांची यादी माझ्या हातात होती. एका दात्या संस्थेची पाहुणेमंडळी आली. त्यांना एखादी प्रत्यक्ष हकिकत ऐकावयाची होती. मी एका विधवेला हाक मारली. घर कसे पडले, नवऱ्याचा फोटोही कसा वाहून गेला, हे तिने उभ्या उभ्या सांगितले. तिचे छायाचित्र घेतले गेले, पुढे ते एका पत्रकावर छापून आले. मदत पुष्कळ जमली. मला धन्यता वाटली. काही महिन्यांनी ती भेटली तेव्हा कळले की पत्रक तिच्या मुलीच्या सासरी पोचले होते आणि तेथे त्या पोरीला तुझी आई भीक मागते म्हणून ऐकावे लागले. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "तसं काय नाही फादर. तुम्ही बोलावलंसा म्हणून बोलले. दुसऱ्या कुणी इचारलं असतं तर बोलले नसते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तरी त्या वाक्याने माझी झोप उडविली, कारण माझ्यावरच्या विश्वासाचाच मी फास केला होता. छावण्यांतून संशोधकास वाट दाखविणारे बहुधा आमच्यासारखेच असतात. धर्मगुरू, धर्मभगिनी, संस्थेचे कार्यकर्ते, वस्तीचे पुढारी. आम्ही हो म्हटले की लोकांनी हो म्हटले असे धरले जाते. त्या विधवेस यादीत नाव राहणारच आहे, बोलायचे नसेल तर बोलू नकोस, एवढे एक वाक्य मी म्हणालो असतो तर काय बिघडले असते?

मग हे काम करूच नये काय? तसे माझे मत नाही. निर्वासितांविषयी कोणीच लिहिले नाही तर त्यांच्याविषयी केवळ सरकारे व सैन्ये बोलत राहतील. शातिला-साब्राच्या मृतांची नावे आज कागदावर आहेत ती बयान नुवैहिद अल-हूत या विदुषीमुळे. हत्याकांडानंतर लगेच, जेव्हा हे काम उघडपणे करणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांनी वाचलेल्यांच्या साक्षी जमविल्या. त्यांचा ग्रंथ २००३ साली अरबीत आणि २००४ साली इंग्रजीत निघाला. रोझमेरी सायिग या मूळच्या इंग्रज बाई पॅलेस्टिनी गृहस्थाशी विवाह करून १९५० नंतरच्या दशकात बैरूतला आल्या व तेथेच राहिल्या. छावण्यांतील स्त्रियांच्या आठवणी त्यांनी अनेक वर्षे ध्वनिमुद्रित केल्या आणि पुढे त्या स्त्रियांच्या स्वतःच्या आवाजात लोकांस ऐकावयास खुल्या केल्या. बार्बरा हॅरल-बाँड यांनी १९८२ साली ऑक्सफर्डला निर्वासितांच्या अभ्यासाचे केंद्र काढले. दक्षिण सुदानमधील युगांडाच्या निर्वासितांवरचे त्यांचे पुस्तक १९८६ साली आले. मदत देणाऱ्या संस्थांना निर्वासित काय जाणतात हे ठाऊकच नाही, असे त्यांनी त्यात रोखठोक दाखविले. उतारवयात त्या कैरोला गेल्या आणि आश्रयाचे अर्ज करणाऱ्यांना कायद्याची मदत मिळवून देण्याच्या कामात रमल्या. या तिघींत मला एक साम्य दिसते. त्या लवकर उठून गेल्या नाहीत.

येशूसंघाचे तेव्हाचे प्रमुख फादर पेद्रो अरूपे यांनी १९८० सालच्या नोव्हेंबरात निर्वासितांसाठी येशूसंघीय सेवाकार्य स्थापन केले. व्हिएतनाममधून होड्यांत बसून निघालेल्या लोकांचे हाल त्यांना पाहवले नाहीत. त्या संस्थेची तीन कर्तव्ये सांगितली जातात: सोबत करणे, सेवा करणे व त्यांची बाजू मांडणे. सोबत पहिली आहे. अम्माऊसच्या वाटेवर प्रभूनेही त्या दोघा शिष्यांना काय बोलत चाललात असे विचारले ते त्यांच्याबरोबर चालता चालता. आणि संध्याकाळ झाली तेव्हा तो त्यांच्या घरी थांबला.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती बोलल्यावाचून राहवत नाही. सीरियातील युद्धानंतर लेबनॉनमध्ये निर्वासितांच्या अभ्यासाचा मोठाच व्यवसाय झाला. सुकारिये व टॅनॉक यांनीच २०१९ साली दाखविले की, ब्रिटनमधून पैसा आलेल्या अशा कामांत झोपडीत जाऊन ऐकण्याचे काम स्थानिक तरुण-तरुणी करतात. त्या संशोधनाचा हेतू काय, पुढे त्याचे काय होणार, हे त्यांना पुरते सांगितलेलेही नसते. दुःख ऐकून रात्री त्यांना झोप येत नाही, आणि ग्रंथावर नाव दुसऱ्याचे. सांगणाऱ्याचा जसा विचार व्हावा तसा या पोरांचाही व्हावा. आमची मुलगी उद्या शिकून अशाच कामावर जाईल. तिच्या वहीचा धनी कोण असेल?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली तेव्हा मी तिला म्हटले, "पोरी, पापनिवेदन करायचे असेल तर मी ऐकेन. पण क्षमा मागायची आहे ती त्या बाईची. परत जा आणि तिला खरे सांग. मग वहीत काय ठेवायचे ते तिलाच विचार." ती म्हणाली, "आणि तिनं सगळंच काढून टाक म्हटलं तर? मला प्रबंध द्यायचाय फादर." मी म्हटले, "तर काढावे लागेल." ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. आईबापांनी फीसाठी कर्ज काढले आहे, हे मला ठाऊक होते. तिलाही ठाऊक होते की मला ठाऊक आहे.

ती गेली. या खेपेस त्या पोराऐवजी तिने बाईच्या ओळखीची एक वयस्क बाई दुभाषी म्हणून घेतली. बाईनेच ती निवडली. मी विद्यार्थिनी आहे, कॅनडाला पाठविणे माझ्या हाती नाही, मागच्या वेळी मी हे सांगावयास पाहिजे होते, असे तिने सांगितले. बाईने बराच वेळ तोंड फिरविले. त्या दिवशी चहा झाला नाही. मुलीला वाटले, आता सारेच संपले. मग तिने वही उघडून लिहिलेले एकेक करून वाचून दाखविले आणि विचारले, हे ठेवू की काढू. येण्याची वाट बाईने काढावयास लावली. दिराविषयीचे सर्व काढावयास लावले. नदीत सुटलेल्या मुलाविषयीचे काढू काय, असे विचारता तिने मान हलविली. ते राहू दे, म्हणाली. आणि त्याचे नाव, जे तिने पहिल्या दोन दुपारी सांगितले नव्हते, ते सांगून लिहून घ्यावयास लावले.

मुलीने खरे नाव लिहू नये असा नियम आहे, म्हणून प्रबंधात ते कसे घालावे याविषयी तिच्या प्राध्यापकांशी तिची अजून चर्चा चालू आहे. प्रबंध वेळेवर होणार नाही, पुढच्या सत्रावर जाईल. मधल्या काळात बाईने तिच्यावर एक काम सोपविले आहे: धाकट्या मुलीला शाळेत दाखल करावयाचा अर्ज. शाळेने जन्माचा दाखला मागितला आहे आणि तो कोठून आणावा, हे शोधीत ती गेले तीन शनिवार हिंडत आहे. हैदराबादेस शाळांत काम करणाऱ्या आपल्या धर्मभगिनींपैकी कोणी हे वाचीत असतील तर त्यांनी मला पत्र धाडावे. मुलीचा पत्ता मी तिला विचारून कळवीन.